मुंबई–नागपूर ते मुंबई–लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कसा काढायचा

मुंबईहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, हे चार जणांना विचारा. पहिला म्हणेल, सव्वा तास. वैमानिकाने तसं सांगितलेलं त्याच्या लक्षात असतं. दुसरा मोबाइलवर तिकीट उघडून दाखवेल: दीड तासाच्या वर. तिसरा म्हणेल पाच तास, कारण तो दादरच्या घरातून निघाल्यापासून धंतोलीच्या घरात पोचेपर्यंतचं मोजतो. चौथा म्हणेल, विमान कशाला, समृद्धी झालाय ना आता!

पहिले तिघंही बरोबर आहेत. चौथ्याचं काय ते पुढे पाहू. गोंधळ होतो तो एवढ्यासाठी की 'वेळ' या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी मोजमापं खपवली जातात. अंतराचंही तेच. तिकिटाच्या साइटवर एक आकडा, नकाशावर दुसरा, रेल्वेच्या वेळापत्रकात तिसरा. हे सगळं कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत काढता येतं. त्यासाठी दहावीपर्यंतचं गणित आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी विमानतळ पक्का करा

नागपूरकर अंतर झिरो माइलपासून मोजेल, मुंबईकर आपल्या स्टेशनपासून. विमान मात्र धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत उडतं, त्यामुळे शहराचं नाव पुरत नाही. मुंबईत २५ डिसेंबर २०२५पासून दोन विमानतळ चालू आहेत: सहार-सांताक्रूझचा जुना छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, कोड बीओएम, आणि नवी मुंबईचा, कोड एनएमआय. नागपूरचं हवाई अंतर नवी मुंबईहून जेमतेम १५-१७ किलोमीटर कमी भरतं. आकाशात ही मिनिटाची बाब आहे. बोरिवलीत राहणाऱ्याला मात्र जमिनीवर ती दीड-दोन तासांची होऊ शकते.

गोव्याची गोष्टही तशीच. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला आणि तो पेडणे तालुक्यात, पार उत्तरेच्या टोकाला आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला तो दाराशीच वाटतो. मडगावला लग्नाला निघालेल्याने दोनशे-तीनशे रुपये स्वस्त म्हणून मोप्याचं तिकीट काढलं, तर टॅक्सीत ते कित्येक पटींनी फिटतात. लंडनच्या नावाखाली तर सहा विमानतळ येतात. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड आधी वाचा.

बीओएममध्ये आणखी एक अडचण आहे. देशांतर्गत विमानं टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशा दोन्हीकडून सुटतात आणि या दोन इमारती रस्त्याने एकमेकींपासून चांगल्याच लांब आहेत. कोणतं टर्मिनल हे तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कंपन्या ते अधूनमधून बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्या.

कागदावर अंतर काढणं

गूगल मॅप्सवर विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, अक्षांश आणि रेखांश. दोन दशांश स्थळं पुरेत. मुंबई १९.०९ आणि ७२.८७, नागपूर २१.०९ आणि ७९.०५.

अक्षांशांतला फरक २.००. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, मग तुम्ही पृथ्वीवर कुठेही असा. म्हणजे नागपूर मुंबईच्या २२२ किलोमीटर उत्तरेला आहे.

रेखांशांतला फरक ६.१८. इथे थोडी काळजी हवी. रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे एका रेखांशाचं अंतर विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलं तरी आपल्याकडे ते कमी भरतं. किती कमी, ते अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं: १५ अंशांवर ०.९७, २० अंशांवर ०.९४, २५वर ०.९१, ३०वर ०.८७. मुंबई आणि नागपूर यांच्या मधला अक्षांश साधारण २०, म्हणून ६.१८ × १११.२ × ०.९४ = ६४६. तेवढे किलोमीटर पूर्वेला.

आता पायथागोरस. २२२ चा वर्ग ४९,२८४, ६४६ चा वर्ग ४,१७,३१६. बेरीज ४,६६,६००, तिचं वर्गमूळ ६८३. मुंबई ते नागपूर सरळ रेषेतलं हवाई अंतर ६८३ किलोमीटर, झालं.

पडताळा हवा असेल तर गूगल मॅप्समध्येच 'अंतर मोजा' हा पर्याय आहे. त्याचा आकडा तुमच्या आकड्यापासून चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे निघाला तर चिंता नको, पृथ्वी अगदी गोल नाही आणि आपण दशांशही तोडले आहेत. पन्नास किलोमीटरचा फरक आला तर मात्र कुठेतरी अक्षांशाच्या जागी रेखांश गेला आहे.

हाच आकडा जमिनीवरच्या अंतराशेजारी ठेवून पाहा. रेल्वेने मुंबई–नागपूर ८३७ किलोमीटर आहे, कारण गाडी कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा खानदेश-वऱ्हाडाचा वळसा घेते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि हे खरोखर आश्चर्याचं आहे. सह्याद्री ओलांडून जाणारा रस्ता सरळ रेषेच्या इतक्या जवळ क्वचितच येतो. अर्थात हे ७०१ किलोमीटर भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे, दोन्ही टोकांना शहरातला रस्ता वेगळा. उलट पुणे–नागपूर घ्या. हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, आणि पुणे–अजनी वंदे भारत धावते ८८१ किलोमीटर, दौंड-अहिल्यानगर-मनमाड-भुसावळ करत. जवळजवळ दीडपट. दोन शहरांमध्ये विमानाने किती वेळ वाचेल याचा पहिला अंदाज या गुणोत्तरावरूनच येतो.

लांबची शहरं: इथे सपाट कागद फसवतो

वरची रीत दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत छान चालते. मुंबई–दिल्ली काढून पाहा, ११४० च्या आसपास येईल आणि ते बरोबर आहे. पण तीच रीत मुंबई–लंडनला लावली तर ७५६० च्या वर जाते. खरं अंतर आहे सुमारे ७२१०. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरची चूक, पृथ्वीला सपाट धरल्यामुळे.

गोलावरचं सगळ्यात कमी अंतर ज्या वाटेने जातं तिला बृहद्वृत्त म्हणतात. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ही वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते आणि लोकांना वाटतं विमान उगाच वळसा घेतंय. प्रत्यक्षात नकाशावरची सरळ रेघच लांबची असते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याने मोजून पाहा, मुलांनाही मजा येते. गणिताने करायचं असेल तर सूत्र हे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन. जी बेरीज येईल तिचा उलटा कोसाइन अंशांमध्ये घ्या आणि १११.२ ने गुणा. हीथ्रोसाठी अक्षांश ५१.४७ आणि रेखांश उणे ०.४५. उणे चिन्ह विसरू नका, लंडनचा हा भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला पडतो. बेरीज ०.४२४८ येते, कोन ६४.८६ अंश आणि अंतर ७२१२ किलोमीटर.

आता ही बृहद्वृत्ताची वाट कुठून जाते ते पाहा. मुंबईहून वायव्येला, कराचीजवळून बलुचिस्तान, मग इराण. बरोबर मध्यबिंदू जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेपाशी, त्बिलिसीच्या थोडा दक्षिणेला. तिथून काळा समुद्र, युक्रेन, मग मध्य युरोप. भूगोल जाणणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ला आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. त्याआधी २०१९मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. अशा वेळी विमानाला अरबी समुद्र, आखात, इराक, तुर्कस्तान अशी खालची वाट धरावी लागते आणि तिथेही तणाव वाढला की ती आणखी सरकते. मुंबईकर त्यातल्या त्यात नशीबवान, कारण आपण मुळातच समुद्राकाठी आणि दक्षिणेला आहोत. खरा फटका दिल्लीहून निघणाऱ्यांना बसतो.

यातून नियम एवढाच घ्यायचा: सरळ रेषेचं अंतर हा किमान आकडा. देशांतर्गत प्रवासात विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, धावपट्टीच्या दिशेनुसार वळतं, म्हणून प्रत्यक्षात पाच ते दहा टक्के जास्त उडतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्या वेळी कोणाचं आकाश बंद आहे ते पाहून अंदाज करावा.

अंतरावरून वेळ

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातं, बोइंग ७८७ नऊशेच्या आसपास. पण ६८३ भागिले ८३० केलं की उत्तर ४९ मिनिटं येतं, आणि एवढ्या वेळात नागपूर कधीच येत नाही. विमान चढताना आणि उतरताना हळू असतं, वाट थोडी लांब असते, आणि जमिनीवर रांगायला वेळ जातो.

तिकिटावर जो कालावधी असतो त्याला विमान कंपन्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांखालचे अडसर काढून विमान मागे ढकललं गेलं तिथपासून ते समोरच्या विमानतळावर उभं राहून चाकांना पुन्हा अडसर लागेपर्यंतचा हा वेळ. वैमानिक सांगतो तो फक्त हवेतला वेळ. मुंबई–नागपूरच्या तिकिटावर एक तास पस्तीस मिनिटं असतील तर हवेत साधारण सव्वा तास जातो, उरलेला टॅक्सी-वेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या जमिनीवरच्या वाटेवर.

ब्लॉक टाइमसाठी एक सोपी युक्ती आहे: सरळ अंतराला ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. नागपूर: ६८३ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, एक तास एकतीस. दिल्ली: ११४० चे ८६ मिनिटं अधिक ४०, दोन तास सहा. मोपा: ३८७ किलोमीटर, एक तास नऊ. दुबई: १९३० किलोमीटर, तीन तास पाच. लंडन: नऊ तास आणि चाळीस मिनिटं. वेळापत्रकं काढून ताडून पाहा, जेट विमानांसाठी हे दहा-पंधरा मिनिटांच्या आत बसतं. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ४५० ने भागून अर्धा तास मिळवा. त्याचा वेग ताशी पाचशेच्या घरात असतो आणि ते उंचही फार जात नाही.

या चाळीस मिनिटांत मुंबईचा वाटा मोठा. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. डिसेंबर २०१८मध्ये या विमानतळाने एका दिवसात हजारावर उड्डाणं-आगमनं हाताळली, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. संध्याकाळी सातच्या सुमाराला खिडकीत बसलात तर टॅक्सी-वेवर पुढे सात-आठ शेपट्या ओळीने उभ्या दिसतात, आणि येताना खाली तीच खाडी, तोच पूल दोनदा दिसला की समजायचं, घिरट्या चालू आहेत. कंपन्या हे गृहीत धरूनच वेळापत्रक ऐसपैस आखतात. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधी कधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं आणि सगळे वैमानिकाचं कौतुक करतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्ट्या एकेक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. ही तारीख आधीच जाहीर होते.

वारा

'पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं' असं एक तरी काका प्रत्येक घरात सांगतात. तसं होत नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत असतात, आणि हिवाळ्यात ते उत्तर भारतावरही उतरतात.

लंडनचं गणित करून पाहू. वाट पाच टक्के जास्त धरली तर ७५७० किलोमीटर. जाताना सरासरी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरून, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग ८५०: आठ तास चोपन्न मिनिटं. येताना तोच वारा पाठीवर, वेग ९५०: आठ तासांना दोन मिनिटं कमी. दोन्हींत जमिनीवरची आणि चढ-उताराची चाळीस मिनिटं मिळवा, जाताना साडेनऊ तास, येताना साडेआठच्या थोडं वर. वेळापत्रकात जाण्या-येण्यात साधारण तासाचा फरक दिसतो तो यामुळे. फेब्रुवारी २०२०मध्ये तर वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं. एरवी तिथे सहा-सात तास लागतात.

नागपूरच्या बाबतीत हा फरक पाच-सात मिनिटांचा. पण इथे एक गंमत आहे. हिवाळ्यात नागपूरला जाताना वारा मदत करतो, आणि पावसाळ्यात उलट. जून ते सप्टेंबर दख्खनच्या वर उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. त्यांच्या मुख्य झोताला पूर्वेचा जेट प्रवाह म्हणतात आणि पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. तेव्हा जुलैत नागपूरहून मुंबईला येणारं विमान हवेत जरा लवकर येतं. मग पावसामुळे वर घिरट्या घालत बसतं, तो भाग वेगळा.

घड्याळाचा हिशेब

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची. देशात सगळीकडे एकच घड्याळ असल्याने आपल्याला याची सवय नसते.

रीत एकच ठेवा: सगळा हिशेब आधी भारतीय वेळेत करा, शेवटी एकदाच रूपांतर करा. समजा मुंबईहून दुपारी एकला निघालात, प्रवास नऊ तास चाळीस मिनिटांचा. भारतीय वेळेने रात्री १०:४० ला पोचाल. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, म्हणून तिथे ५:१० वाजलेले असतील. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारचा आणि घड्याळात ६:१०. अमेरिकेत घड्याळ बदलण्याच्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. मार्च आणि ऑक्टोबरअखेरच्या त्या मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला नेहमीचा पाच तासांचा फरक चारवर येतो. मुलाला अमेरिकेत भेटायला लंडनमार्गे निघालेल्या आई-वडिलांनी या दिवसांत जोड विमानाची वेळ दोनदा तपासावी.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मध्यरात्रीच्या तिकिटात. 'शनिवार, १४ तारीख, ००:४५' असं लिहिलं असेल तर घरातून शुक्रवारी, १३ तारखेला संध्याकाळी निघायचं. शनिवारी रात्री सामान घेऊन विमानतळावर पोचलेली कुटुंबं टर्मिनल २ च्या दारातले जवान नियमितपणे परत पाठवतात. तिकीट आलं की कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकटीत लाल पेनाने 'विमानतळ, रात्री ९' असं लिहून ठेवा. पोचण्याच्या वेळेपुढे '+१' असेल तर ती दुसऱ्या दिवसाची तारीख, घ्यायला येणाऱ्याला तीच कळवायची.

जाता जाता: ८ जून १९४८ला एअर इंडियाचं पहिलं मुंबई–लंडन विमान निघालं तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबे घेत गेलं होतं. आज तक्रार असते ती दहा तासांत पाय अवघडतात याची.

दारापासून दारापर्यंत

आता तिसऱ्या माणसाचे पाच तास. दादरहून निघालात. 'मेट्रो ३' ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून टर्मिनल १ आणि २ दोन्हींना भूमिगत स्टेशनं आहेत. पावसाळ्यात किंवा शुक्रवारी संध्याकाळी टॅक्सीपेक्षा ती भरवशाची. बहुतेक कंपन्या देशांतर्गत चेक-इन काउंटर ६० मिनिटं आधी आणि गेट २५ मिनिटं आधी बंद करतात. सामान द्यायचं असेल तर पावणेदोन तास आधी दारात हवं. घर ते विमानतळ पाऊण ते एक तास, विमानतळावर पावणेदोन तास, ब्लॉक टाइम दीड तास. नागपूरचा विमानतळ सोनेगावात, शहराला खेटून, त्यामुळे बॅग आणि रिक्षा मिळून पाऊण तास. बेरीज पाचच्या आसपास.

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, पण सरासरी ९० पडली तरी खूप झालं. ७०१ किलोमीटरला पावणेआठ तास. दादर ते आमणे सव्वा तास, जेवण-चहाचा तास, नागपुरात शिरायला अर्धा तास. साडेदहा तास. चार माणसं आणि भरपूर सामान असेल तर पैशांत हे परवडतं. एकट्याने, एका दमात गाडी चालवत जाऊ नये. तो सरळसोट रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. रेल्वेला रात्रभर लागते, पण झोपेचे तास हिशेबातून वजा करा. सकाळी नागपुरात दहाचं काम असेल तर माझं मत रात्रीच्या गाडीला. पहाटेच्या विमानासाठी तीनला उठण्यापेक्षा बर्थवर आडवं पडलेलं बरं.

सरळ अंतर चारशे किलोमीटरच्या आत असेल तर विमान बहुतेक वेळा हौस ठरते. अपवाद फक्त कोकणातल्या वाटांचा, जिथे रस्त्याचे खड्डे आणि गणपतीतली आरक्षणं दोन्ही हाताबाहेर जातात.

पडताळा घ्या, आणि नियम माहीत असू द्या

वेळापत्रकावर विसंबण्यापेक्षा विमानाचा क्रमांक घेऊन फ्लाइटरडार२४वर जा. मागच्या सात दिवसांत ते विमान खरोखर कधी सुटलं, कधी पोचलं ते तिथे फुकट दिसतं. सातपैकी पाच दिवस चाळीस मिनिटं उशीर असेल तर आठव्या दिवशी चमत्काराची अपेक्षा नको. सकाळचं पहिलं विमान सहसा वेळेवर असतं, कारण ते रात्रीच येऊन उभं राहिलेलं असतं. संध्याकाळच्या विमानाच्या माथी दिवसभराचा साचलेला उशीर येतो. मुक्काम दिल्ली असेल तर १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, धुक्याचा मानलेला काळ टाळता आला तर टाळा.

ब्लॉक टाइम आणखी एका कारणाने कामाचा आहे. डीजीसीएचे भरपाईचे नियम त्यावरच बांधले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचं विमान दोन तास किंवा जास्त उशिरा असेल तर वाट पाहणाऱ्यांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केलं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसलं, तर परतावा किंवा पर्यायी विमान, आणि त्यावर भरपाई: ब्लॉक टाइम तासाभरापर्यंत असेल तर ५,००० रुपयांपर्यंत, एक ते दोन तास असेल तर ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. या रकमा कमाल आहेत. मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून कमी होत असेल तर तेवढंच मिळतं. म्हणजे नागपूर ७,५०० च्या गटात आणि दिल्ली, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने, १०,००० च्या.

नागपूरहून लंडन: दोन्ही हिशेब एकत्र

नागपूरहून मुंबई आणि तिथून लंडन असं जायचं असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. पहिलं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते आणि सामान सहसा थेट लंडनपर्यंत जातं. वेगवेगळी तिकिटं काढली तर तुम्ही मुंबईत साधे उतरलेले प्रवासी. बॅग पट्ट्यावरून उचलायची, टर्मिनल बदलायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं.

मागून मोजत या. लंडनचं विमान दुपारी एकला. आंतरराष्ट्रीय चेक-इनसाठी तीन तास, म्हणजे दहाला टर्मिनल २ च्या दारात. टर्मिनल १ वर उतरणार असाल तर बॅग आणि बदलासाठी सव्वा तास, पावणेनऊ. त्यावर नेहमीच्या उशिराचा तास, पावणेआठ. ब्लॉक टाइम दीड तास, म्हणजे नागपूरहून सव्वासहाच्या आत सुटणारं विमान हवं. असं विमान मिळालं नाही तर आदल्या रात्री मुंबईत या. आणि नागपूरचं स्वस्त तिकीट नवी मुंबईला उतरवणारं असेल, तर सव्वा तासाच्या जागी तीन तास धरा, कारण एनएमआय ते सहार हा टप्पा उलव्याहून, ठाणे किंवा मानखुर्दच्या गर्दीतून, रस्त्यानेच पार करायचा आहे.